टोकियो, डिसेंबर २०००: शिक्षा देण्याचा अधिकार नसलेले न्यायालय

तळ्याकाठी (धागाकर्ती)

मागे एका धाग्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अटक-वॉरंटांची चर्चा चालली होती आणि ती शेवटी "ज्या न्यायालयाला कोणी भीक घालत नाही, त्याचा उपयोग काय?" या प्रश्नाशी येऊन अडली. तो प्रश्न मनात राहिला, म्हणून ज्याला साधे समन्स काढण्याचाही अधिकार नव्हता अशा एका न्यायालयाची हकिगत येथे मांडते.

८ डिसेंबर २००० रोजी टोकियोतील कुदान काइकान या सभागृहात 'महिलांचे आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायाधिकरण' भरले. ही इमारत १९३४ साली 'गुंजिन काइकान', म्हणजे सैनिकांचे सभागृह, म्हणून बांधली गेली होती, आणि फेब्रुवारी १९३६ मधील लष्करी बंडाच्या वेळी मार्शल लॉचे मुख्यालय तेथेच होते. त्याच व्यासपीठासमोर कोरिया, चीन, तैवान, फिलिपिन्स, इंडोनेशिया, पूर्व तिमोर आणि नेदरलँड्स येथून आलेल्या साठहून अधिक वृद्ध स्त्रिया बसल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांना छावण्यांमध्ये लैंगिक गुलामगिरीत डांबले होते. सैन्याच्या कागदपत्रांत त्यांना 'इआन्फु', म्हणजे सांत्वन देणाऱ्या स्त्रिया, म्हटले आहे आणि इंग्रजीत त्याचेच 'कम्फर्ट वूमन' झाले. या शब्दाचे मराठी करण्याची माझी तरी इच्छा नाही.

हे न्यायाधिकरण कोणत्याही सरकारने नेमलेले नव्हते. पत्रकार मात्सुइ यायोरी यांची जपानी महिला संघटना, तसेच कोरिया आणि फिलिपिन्समधील महिला संघटना यांनी ते उभे केले होते. असा खटाटोप का करावा लागला, हे समजण्यासाठी आधी कोणकोणती दारे बंद झाली होती ते पाहावे लागते.

पहिले दार १९४६ ते १९४८ या काळात जेत्या राष्ट्रांनी जपानी नेत्यांवर चालवलेल्या टोकियो खटल्याचे. त्यात अकरा देशांचे न्यायाधीश होते, अठ्ठावीस आरोपी होते, त्यांपैकी पंचवीस जणांना शिक्षा झाली आणि सात जण फासावर गेले. चीनमधील नानकिंग शहरात जपानी सैन्याने केलेल्या बलात्कारांचे पुरावे त्या खटल्यात आले, छावण्यांसंबंधीचे काही कागदही दाखल झाले. पण छावण्यांच्या व्यवस्थेवर स्वतंत्र आरोप ठेवला गेला नाही. सम्राट हिरोहितो यांना आरोपी न करण्याचे अमेरिकेने राजकीय सोयीसाठी ठरवले होते. कोरिया १९४५ पर्यंत जपानची वसाहत असल्यामुळे त्या न्यायासनावर कोरियाचा न्यायाधीश असण्याचा प्रश्नच आला नाही आणि इंडोनेशियाच्या वतीने नेदरलँड्स बसले होते. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच लष्करी न्यायालयाने १९४८ साली काही जपानी अधिकाऱ्यांना याच गुन्ह्यासाठी शिक्षा दिल्या आणि एकाला देहदंडही दिला, परंतु तो खटला सेमारांगच्या छावण्यांत नेलेल्या डच स्त्रियांचा होता. म्हणजे गुन्हा ओळखता येत नव्हता असे नाही. कोणावर घडला तर तो गुन्हा धरायचा, एवढेच ठरलेले होते.

दुसरे दार तहांनी बंद केले. १९६५ च्या जपान-कोरिया करारात तीस कोटी डॉलरचे अनुदान आणि वीस कोटी डॉलरचे कर्ज घेऊन सर्व दावे 'संपूर्णपणे आणि अंतिमतः' मिटल्याचे दोन सरकारांनी लिहून दिले. ज्यांचे दावे मिटले, त्या स्त्रियांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन या कोरियन आजी स्वतःच्या नावानिशी जगापुढे आल्या, त्याच वर्षी त्यांनी टोकियोच्या न्यायालयात दावा लावला आणि १९९७ मध्ये निकालाची वाट पाहतच त्या गेल्या. १९९८ साली शिमोनोसेकीच्या न्यायालयाने तीन स्त्रियांना प्रत्येकी तीन लाख येन देवविले होते; तेवढा निकालही २००१ मध्ये हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने फिरवला.

राहता राहिली हेगमधील न्यायालये. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे फक्त राष्ट्रे उभी राहू शकतात आणि तीही दोन्ही पक्षांच्या संमतीने. फौजदारी न्यायालयाचा अधिकार १ जुलै २००२ पासून पुढच्याच गुन्ह्यांवर चालतो. ऐंशी वर्षांच्या बाईने १९४३ मधील गोष्ट नेमकी कोठे सांगायची, याचे उत्तर कायद्यात उरलेले नव्हते.

म्हणून हे न्यायाधिकरण. मला त्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त. न्यायाधीशांत गॅब्रिएल कर्क मॅक्डोनाल्ड होत्या, ज्या युगोस्लाव्हियाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाच्या अध्यक्ष होत्या; अर्जेंटिनाच्या कार्मेन आर्हिबाय होत्या, ज्यांना १९७६ मध्ये तेथील लष्करी राजवटीने आरोपाविना महिनोन्महिने कोठडीत ठेवले होते; ब्रिटनच्या क्रिस्टीन चिंकिन आणि केनियाचे विली मुतुंगा होते. पाचवे नाव आपले माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांचे होते, पण आजारपणामुळे ते जाऊ शकले नाहीत. जपान सरकारला निमंत्रण गेले. सरकारकडून कोणी आले नाही, तेव्हा त्याची बाजू मांडण्यासाठी जपानी वकिलांना न्यायमित्र म्हणून उभे केले गेले. आणि गुन्हा ठरवताना २००० सालचा कायदा न वापरता, घटना घडल्या तेव्हा जो कायदा जपानवर बंधनकारक होता तोच लावायचा, असे ठरले. सक्तमजुरीविरुद्धचा १९३० चा करार जपानने १९३२ मध्येच मान्य केलेला होता, हे येथे उपयोगी पडले.

चीनच्या वान आइहुआ साक्ष देता देता व्यासपीठावरच बेशुद्ध होऊन कोसळल्या. दोन माजी जपानी सैनिकांनी आपण स्वतः काय केले ते भर सभेत सांगितले. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या अभियोक्त्यांनी एकच संयुक्त आरोपपत्र ठेवले. १२ डिसेंबरला प्राथमिक निकाल आला आणि त्यात हिरोहितो दोषी व जपानचे राज्य जबाबदार ठरले.

या निकालाने कोणाच्याही हाती एक येन पडला नाही हे मला ठाऊक आहे. तरीही तो व्यर्थ होता असे मला वाटत नाही. सदस्यांची मते वाचायला आवडतील.

शंकासुर

लेख कष्टाने लिहिला आहे, त्याबद्दल आभार. पण माझ्या शंका मूळ कल्पनेविषयीच आहेत.

हिरोहितो जानेवारी १९८९ मध्ये वारले. अकरा वर्षांनी त्यांना दोषी ठरवणे म्हणजे ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याच्यावर खटला चालवणे होय. आपल्याकडेही आरोपी मेला की फौजदारी खटला तेथेच संपतो आणि त्यामागे शहाणपण आहे.

दुसरे असे की, ज्या संघटनांनी वर्षानुवर्षे एखादा प्रश्न लावून धरला, त्यांनीच न्यायाधीश निवडावेत, त्यांनीच साक्षीदार आणावेत आणि निकाल त्यांच्या बाजूने लागावा, याला न्यायनिवाडा कसे म्हणायचे? अशा न्यायाधिकरणातून कोणी निर्दोष सुटल्याचे एक उदाहरण द्यावे. १९६७ मध्ये बर्ट्रांड रसेल यांच्या पुढाकाराने व्हिएतनाम युद्धावर असेच न्यायाधिकरण भरले होते. त्यात अमेरिकेवर आरोप होते आणि ते बहुतांशी खरेही असतील, पण उत्तर व्हिएतनामने काय केले हा विषय पटलावरच नव्हता. एका डोळ्याने पाहणाऱ्याला न्यायदेवता म्हणू नये.

कज्जेदलाल

शंकासुर यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे, आणि वकिलीत तीस वर्षे घालवल्यावर हे कबूल करण्यात मला संकोच नाही.

आधी एक खुलासा, कारण नावावरून गोंधळ होतो. आपल्याकडची लोकअदालत ही कायद्याने स्थापन झालेली, तडजोडीने प्रकरणे मिटवणारी व्यवस्था आहे आणि तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. धाग्यात ज्याची चर्चा आहे ते लोकन्यायाधिकरण याच्या अगदी उलट आहे: तेथे तडजोड मुळीच नाही आणि बळही मुळीच नाही.

आता मुद्द्यावर येतो. त्या निकालात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच पारड्यात घालू नयेत. व्यक्तीचा फौजदारी अपराध मृत्यूबरोबर संपतो हे खरे, परंतु राज्याची जबाबदारी संपत नाही, कारण राज्य मरत नाही. माझ्या मते मृत व्यक्तींवरील निष्कर्ष हा त्या निकालातील कच्चा दुवा आहे आणि राज्याच्या जबाबदारीवरील भाग हा भक्कम आहे. हा दुसरा प्रश्न औपचारिक न्यायालयांना कसा झेपत नाही ते पुढच्या घटनांत दिसते. ८ जानेवारी २०२१ रोजी सोलच्या जिल्हा न्यायालयाने जपानने बारा स्त्रियांना प्रत्येकी दहा कोटी वोन द्यावेत असा निकाल दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने तशाच दुसऱ्या दाव्यात नेमके उलटे सांगितले की, एका सार्वभौम राज्याला दुसऱ्या राज्याच्या न्यायालयात खेचता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो दुसरा निकाल पुन्हा फिरवला. जपान या दाव्यांत हजरच झाला नाही, त्यामुळे वसुलीच्या नावाने आनंदच आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तर जर्मनी विरुद्ध इटली या खटल्यात २०१२ मध्येच ठरवून टाकले होते की, कृत्य कितीही घोर असले तरी राज्याला मिळणारे हे संरक्षण जात नाही. कायदा म्हणून तो निकाल मला समजतो. फिर्यादीच्या बाजूला बसून तो वाचायला जड जातो.

साक्षीविषयी मात्र एक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरच्यांना माहीत नसते. आपल्या न्यायालयात साक्षीदार जे बोलतो ते जसेच्या तसे कागदावर उतरत नाही. न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात. एका प्रकरणात माझ्या पक्षकार बाई दहा-बारा मिनिटे बोलत होत्या, मध्ये दोनदा थांबल्या, पदराने तोंड पुसले. प्रत हाती आली तेव्हा त्यात दीड ओळ होती. उलटतपासणीत तर प्रत्येक वाक्याचा शेवट "असे म्हणणे खरे नाही" असाच होतो. 'मी आरोपीस ओळखत नाही असे म्हणणे खरे नाही.' ही प्रत बाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "हे मी बोलले का?" न्यायालयाचा त्यात दोष नाही, पुराव्यासाठी जेवढे लागते तेवढेच तेथे घेतले जाते. पण ज्या स्त्रीने पन्नास वर्षे तोंड उघडले नव्हते, तिला दीड ओळीचा न्याय पुरेल का, हा प्रश्न टोकियोतल्या त्या मंडळींना पडला असणार.

तळ्याकाठी

कज्जेदलाल, ही दीड ओळ कायमची लक्षात राहील.

शंकासुर, निर्दोष सुटल्याचे उदाहरण माझ्याजवळ नाही आणि तुमचा तो आक्षेप मी खोडून काढू शकत नाही. फक्त एक तपशील जोडते. डिसेंबर २००० मध्ये न्यायाधीशांनी इतर नऊ अधिकाऱ्यांविषयीचा निर्णय सांगितला नव्हता. पुरावा तपासायला वेळ हवा म्हणून तो राखून ठेवला होता. ४ डिसेंबर २००१ रोजी हेगमध्ये अंतिम निकाल आला तो हजाराहून अधिक परिच्छेदांचा आहे. केवळ घोषणा द्यायची असती तर त्यासाठी चार पाने पुष्कळ झाली असती. वर्षभर थांबण्यासाठी त्यांच्यावर कोणाचा दबाव नव्हता, उलट साक्ष दिलेल्या स्त्रिया त्या वर्षातही एकेक करून जात होत्या.

बडा तालाब

माझे बालपण भोपाळमध्ये गेले, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

रसेल न्यायाधिकरणानंतर इटलीच्या लेलिओ बास्सो यांच्या प्रयत्नांतून १९७९ साली बोलोन्यात कायमस्वरूपी लोकन्यायाधिकरण स्थापन झाले आणि त्याचे एक सत्र ऑक्टोबर १९९२ मध्ये भोपाळला झाले. त्याच्या आधी काय झाले होते पाहा. अमेरिकेतील न्यायालयाने मे १९८६ मध्ये १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेचा दावा भारतात चालवणेच योग्य असे म्हणून तो परत पाठवला. भारतात १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला होता, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडितांना ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळली. तळ्याकाठी यांनी १९६५ च्या कराराविषयी लिहिले ते वाचताना मला हेच आठवले: तुमच्या नावाने दुसरा कोणी सही करतो आणि मग तुम्हाला सांगतात की तुमचे भांडण मिटले.

लोकन्यायाधिकरणापुढे वस्तीतल्या बायका स्वतः बोलल्या. पुढे १९९४ च्या लंडन सत्रानंतर, १९९६ मध्ये, औद्योगिक धोके आणि मानवी हक्कांची सनद तयार झाली. तिने भोपाळमध्ये कोणाचे औषधपाणी झाले नाही, हे मी कबूल करतो. पण २०१० मध्ये फौजदारी न्यायालयाने दोन-दोन वर्षांच्या शिक्षा दिल्या आणि मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा 'औपचारिक' मार्गाने गेलेल्यांच्या हाती तरी काय लागले?

गिरगावची चाळ

थोडेसे अवांतर, पण विषयाला धरून. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती दाऊद आणि न्यायमूर्ती होस्बेट सुरेश यांनी लोकन्यायाधिकरण म्हणून साक्षी घेतल्या आणि १९९३ मध्येच अहवाल दिला. सरकारने नेमलेला श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा उभा राहिला आणि त्याचा अहवाल १९९८ मध्ये आला. अधिकार आयोगाकडे होते, त्यामुळे पोलीस अधिकाऱ्यांची उलटतपासणी तेथेच होऊ शकली. लोकन्यायाधिकरणाला ते जमले नसते. पण लोकांच्या आठवणी ताज्या असताना त्या लिहून घेण्याचे काम कोणी केले, हेही पाहावे. शिवाय अंमलबजावणीच्या बाबतीत दोन्ही अहवालांची गत सारखीच झाली.

निशिकासाई

गेली नऊ वर्षे टोकियोत आहे. हा धागा वाचून मागच्या रविवारी मुद्दाम बाहेर पडलो, म्हणून थोडे प्रत्यक्ष पाहिलेले लिहितो.

आमच्या वस्तीतून तोझाई लाइनने कुदानशिता स्थानकावर उतरले की चढावर युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांचे यासुकुनी मंदिर आहे. त्याच्या आवारात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचे स्मारक आहे आणि भारतीय माणूस दिसला की जपानी मंडळी आवर्जून ते दाखवतात. टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश असलेल्या पाल यांनी १९४८ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे हजाराहून अधिक पानांचे मत दिले होते, कारण जेत्यांनी जितांवर चालवलेला, घटनेनंतर कायदा करून उभा केलेला खटला त्यांना मान्य नव्हता. मात्र जपानी सैन्याने अत्याचार केलेच नाहीत असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. नानकिंगचे पुरावे त्यांनी मान्य केले होते. हा अर्धा भाग स्मारकापाशी उभे राहून कोणी सांगत नाही. मला वाटते, शंकासुर यांचा आक्षेप आणि पाल यांचा आक्षेप एकाच जातीचा आहे, आणि गंमत अशी की तो २००० च्या न्यायाधिकरणाला जेवढा लागतो त्याहून अधिक १९४६ च्या अधिकृत खटल्याला लागतो. न्यायाधीश कोणी निवडले, हा प्रश्न दोन्हीकडे विचारायला हवा.

कुदान काइकान चढाच्या पायथ्याशी आहे. २०११ च्या भूकंपात छत कोसळून दोघे गेले, तेव्हापासून ते सभागृह बंद झाले. आता तेथे कार्यालयांचा काचेचा मनोरा आहे आणि जुन्या इमारतीचा दर्शनी भाग तेवढा राखला आहे.

आणखी एक भर. जानेवारी २००१ मध्ये येथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने या न्यायाधिकरणावर कार्यक्रम दाखवला, पण त्यातून त्या दोन सैनिकांच्या साक्षी आणि सम्राटाविषयीचा निकाल हे दोन्ही कापले गेले. चव्वेचाळीस मिनिटांचा कार्यक्रम चाळीस मिनिटांचा झाला. आयोजकांनी दावा लावला, उच्च न्यायालयाने २००७ मध्ये वीस लाख येनांची भरपाई देवविली आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्या निकालाला कायद्यात काहीच किंमत नव्हती, तो चार मिनिटे दाखवायला एवढे जड का गेले असावे, हे मला अजून उमगलेले नाही.

शंकासुर

पाल यांच्याशी माझी तुलना झाली यात मी खूश व्हावे की नाही हे ठरवतो आहे.

माझे मत पूर्ण बदललेले नाही. साक्षी नोंदवण्याचे काम मोलाचे आहे हे मान्य. त्याला 'साक्षनोंद' म्हणा, 'जनसुनावणी' म्हणा, माझी हरकत नाही. 'दोषी' हा शब्द मात्र ज्याला शिक्षा देता येते त्यानेच उच्चारावा असे मला अजून वाटते. हा हट्ट वाटत असेल तर तसे.

कज्जेदलाल

हट्ट नव्हे, पण अडचण आहे. साक्ष नोंदवून निष्कर्ष काढायचाच नाही असे ठरवले, तर ती साक्ष पुन्हा हकिगतच राहते. त्या स्त्रियांनी आपली हकिगत १९९१ पासून सगळीकडे सांगितलीच होती. त्यांना कोणी तरी कायद्याची पुस्तके उघडून, कलम दाखवून सांगायला हवे होते की, हा त्या काळच्या कायद्यानेही गुन्हाच होता. शिक्षा देता येत नाही म्हणून गुन्ह्याला नावही देऊ नये, हे मला पटत नाही. येथे आपण दोघे थांबू या.

तळ्याकाठी

निशिकासाई, मात्सुइ यायोरी यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या मृत्यूनंतर उभारलेले संग्रहालय तुम्ही पाहिले का? या न्यायाधिकरणाची कागदपत्रे तेथे आहेत असे वाचले होते.

निशिकासाई

हो, त्याच दिवशी गेलो. कुदानशिताहून त्याच गाडीने आणखी तीन स्थानके पुढे वासेदा, आणि तेथून चालत. २००५ मध्ये सुरू झालेले छोटेसे संग्रहालय आहे. बाहेरून पाहिले तर लक्षातही येणार नाही असे. आत शिरताच भिंतभर छायाचित्रे आहेत, नाव आणि चेहरा उघड करायला तयार झालेल्या स्त्रियांची. बहुतेक सगळ्या म्हाताऱ्या. काही हसताहेत, एकीने डोक्यावरून ओढणीसारखे काहीतरी घेतले आहे. वान आइहुआ कोणत्या ते मला ओळखता येईना, म्हणून काउंटरवरच्या बाईंना विचारले. त्यांनी यादी न पाहता थेट बोट ठेवले.

निकालपत्राची जाड प्रत वाचायला मागता येते. मी दोन तास बसलो, तेवढ्यात जेमतेम चाळीस पाने झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. कोणाला विशिष्ट भाग हवा असेल तर येथे लिहावे.